वैनी, तू काढलेली भेसळ

वैनी, तुझी तेरवी झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी पुण्याहून मॅडमचा फोन आला आणि त्यांनी चक्क तुझी तक्रार केली. तू गेलीस हे त्यांना माहीत नव्हतं. कळवणार कोण? कळवायचं काम माझं, आणि मी त्या दिवसांत चहात मीठ घालून लोकांना पाजत होते. मॅडम म्हणाल्या, तुमच्या वहिनींच्या खुणांमध्ये एक गडबड सापडली आहे, त्यामुळं मशीन चांगल्या गाठी नाकारतंय, त्यांना जरा नीट समजावून सांगा. मी म्हणाले, "हो मॅडम, सांगते तिला." आणि फोन ठेवला.

आता बोल. गेलेल्या माणसासाठी निरोप ठेवून घेणारी येडी ह्या कुंभार पिंपळगावात माझ्याशिवाय दुसरी सापडेल का? बरं, एवढ्यावर थांबले नाही. फोन ठेवून मी खरंच तुला हाक मारली. वैनी, वैनी करत जिना उतरून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले. तिथं तुझ्या जागेवर शेजारच्या काकू भाकरी थापत होत्या. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मी त्यांच्याकडं पाहिलं, आणि पाणी पिऊन परत वर आले. पण मॅडमला सांगते म्हणाले ना, म्हणून आता हे लिहून सांगायला बसले. मधेच काही भलतंसलतं बोलले तर सांभाळून घे, डोकं ठिकाणावर न्हाई.

तुझ्या मागं बसायला आलेल्या बायांना दुःख झालं होतं, नाही असं नाही, पण त्याहून जास्त उत्सुकता होती. शोभाबाई दुपारभर त्या कंपुटरवर काय करून राह्यल्या होत्या, हे प्रत्येकीला विचारायचं होतं. मी सांगून सांगून थकले. पुण्यात एका प्रयोगशाळेत काचेच्या बशीत डोळ्याचा पडदा वाढवतात, असं सुरू करायचे. स्टेम सेल म्हणजे पुढं काय व्हायचं ते अजून न ठरलेली पेशी. तिला बशीत खायला-प्यायला घालायचं, उबेत ठेवायचं, डोळ्याच्या वळणाला न्यायचं. ती वाढत वाढत तिची मोहरीएवढी गाठ होते. पण सगळ्या गाठी ऐकत नाहीत. काही डोळ्याच्या होतात, काही मेंदूच्या वाटेला जातात, काही कशाच्याच होत नाहीत. सूक्ष्मदर्शकातून त्यांचे फोटो काढतात आणि फोटो पाहून गाठ कशाची ते ओळखायला कंपुटरला शिकवतात. त्यासाठी आधी माणसानं ढीगभर फोटोंवर खुणा करून द्यायच्या, ही डोळ्याची, ही दुसरी. त्या खुणा पाहून मशीन शिकतं. आमच्या वैनी त्या खुणा करायच्या, असं मी म्हणाले की एखादी पदर डोळ्याला लावायची. तो तुझ्यासाठी की बशीतल्या डोळ्यासाठी, मला काही कळलं नाही.

मी तुला हे सगळं पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तू म्हणाली होतीस, म्हंजी लगीन न ठरलेल्या पोरीवाणी हाय, कुठं जाऊन पडंल सांगता येत न्हाई. मी नवऱ्याचं घर सोडून आलेली. माझ्यासमोर लग्नाबिग्नाचा विषय काढायचा नाही, असं घरात सगळे जपून होते. तुलाच तेवढी पर्वा नव्हती. मी हसले. माहेरी आल्यापासून मी पहिल्यांदा हसले असेन, आणि तू वर पाहिलंही नाहीस, भेंडी चिरत राहिलीस.

काम खरं तर माझं. मी पुण्यात त्याच प्रयोगशाळेत होते. तिकडचं सगळं सोडून इथं आले तेव्हा मॅडमनी दया म्हण की गरज म्हण, हे घरी बसून करायचं काम माझ्या हवाली केलं. एकटीला उरकेना. मॅडम म्हणाल्या, कोणी चिकाटीचं असेल तर शिकवा, आम्ही परीक्षा घेऊ. तू परीक्षा दिलीस, जेमतेम पास झालीस, आणि आठवडाभर गल्लीत मिरवलीस. दादा म्हणाला, आता भाकरी कोण करणार? तू म्हणालीस, करा की तुम्ही, नुसतं गोल तर आणायचं. तो गुपचूप मोसंबीला पाणी सोडायला गेला.

मग गच्चीवरच्या खोलीत आपण दोघी. घरात नेट फक्त तिथंच येतं, टाकीच्या बाजूला. एका टेबलावर दोन कंपुटर, मधे शेंगदाण्याची वाटी. प्रत्येक फोटोखाली तीन बटनं: डोळा, दुसरं, सांगता येत नाही. कोवळ्या गाठींचे फोटो मी पाहायचे आणि जून झालेल्या गाठींचे तू. जून माल मला दे, तो ओळखू येतो, हे तूच म्हणालीस. एकमेकींच्या खुणांना हात लावायचा नाही, हा मॅडमचा नियम. तू तो नियम पाळायचीस आणि तोंडानं मात्र माझ्या फोटोंवर शेरे मारायचीस. हा साबुदाणा, हा फुगलेला पापड, ही तर आपल्या गल्लीतली अमकी, तसंच तोंड. अमकी कोण ते इथं लिहीत नाही, ती तेरवीला जेवून गेली.

वैनी, ती गडबड तुझ्या हाताची होती. म्हणजे डोक्याची नव्हे, हाताची. मला तरी असं वाटतं, आज वाटतं, उद्या काय वाटेल देव जाणे.

तू मंठ्याकडची. तुझ्या माहेरी कपाशीचे सीड प्लॉट, म्हणजे बियाण्यासाठी लावलेली शेतं. परकर घालायच्या वयापासून तू क्रॉसिंगला जायचीस, म्हणजे एका वाणाचा पराग दुसऱ्या वाणाच्या फुलाला हातानं लावायला. त्याच्या आधीचं काम भेसळ काढायचं. ज्या वाणाच्या फुलावर ठिपका नसतो, त्याच्या ओळीत एखाद्या झाडाच्या पाकळीच्या बुडाशी लाल ठिपका दिसला, की ते झाड मुळासकट उपटायचं. कितीही फुलावर असो, कितीही गोजिरं असो. विचारत बसायचं नाही. एक राहिलं तरी बियाणं नासतं आणि तपासायला आलेला साहेब अख्खा प्लॉट नापास करतो. हे तू मला कितीदा सांगितलंस. सांगताना तुझा हात आपोआप उपटल्यासारखा व्हायचा. मी त्याची नक्कल करायचे आणि तू शेंगदाणा फेकून मारायचीस.

आणि त्या जून गाठींवर ठिपके होते. काळपट, बारीक, तान्ह्या बाळाला काजळाची तीट लावावी तसे. डोळ्याच्या पडद्यामागं एक काळा थर असतो, तो डोळ्याचाच भाग, गाठ जून झाली की तो कधी कधी असा ठिपका होऊन दिसतो. आपल्या शिकवणीत हे सांगितलं होतं, तू ऐकलंही होतंस, परीक्षेत त्यावरचा प्रश्न बरोबर सोडवला होतास. पण काम सुरू झालं आणि ठिपका दिसला की तुझं बोट "दुसरं"वर. मी बाजूला बसून पाहत होते. ठिपका, दुसरं. ठिपका, दुसरं. तू प्लॉटात उभी होतीस, वैनी. खुर्चीत बसून मंठ्याच्या प्लॉटात उभी होतीस.

भांडण मला बराबर आठवतं, कारण ते संपलंच नाही. बाजाराचा दिवस होता, खाली रस्त्यावर भाजीवाल्यांचे भोंगे चालू होते. मी तुला म्हणाले की हा ठिपका डोळ्याचाच रंग आहे, शिकवलं होतं ना आपल्याला. तू म्हणालीस, शिकवलं होतं, पण मन घेत नाही. मग मी तिसरं बटन दाखवलं. शंका असली तर "सांगता येत नाही" दाब, त्यासाठीच दिलंय ते.

"ते बटन भित्र्या माणसाचं हाय," तू म्हणालीस. "हे उद्या कुणाच्या तरी डोळ्यात घालायचं हाय न? मंग ज्याची शंका आली ते मी ठिवणार न्हाई. तू ठिवशील का, तुझ्या डोळ्यात घालायचं असलं तर?"

मी चिडले. मी म्हणाले, अगं, अजून कोणाच्या डोळ्यात काही घालत नाहीयेत, त्याला किती वर्षं लागतील कोण जाणे. आणि चांगली गाठ फेकून दिली तर तोही कोणाचा तरी डोळाच फेकला ना? मला वाटलं, जिंकले. तर तू उठलीस, चहाचे कप गोळा केलेस आणि दारातून म्हणालीस, "उद्या दाखवते तुला, माझं म्हणणं काय हाय ते."

दुसऱ्या दिवशी तुला ताप होता. मग ताप आणि ताप आणि जालन्याचा दवाखाना, आणि पुढचं तुला माहीतच आहे. किंवा नसेल माहीत. हेही मला कळत नाही, की माणसाला आपलं जाणं कळतं का.

काय दाखवणार होतीस तू? मी विचार करकरून थकले. एखादा फोटो होता का तुझ्या मनात? की शेतात नेऊन एखादं झाड दाखवणार होतीस? की नेहमीसारखी नुसती धमकी, उद्यापर्यंत मी विसरेन म्हणून? तुझ्या कितीतरी "उद्या दाखवते" मी अशाच विसरले आहे. ही एक विसरता येईना.

दवाखान्यात तू मला शेवटचं काय म्हणालीस ते लोक विचारतात. मी सांगत नाही, कारण सांगण्यासारखं काही नाही. तू म्हणालीस, इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी टाक. मी म्हणाले, हो, टाकते. झालं. त्यात काही अर्थ दडलाय का म्हणून मी बरेच दिवस ते वाक्य उलटसुलट करून पाहिलं. काही नाही. बॅटरीतलं पाणी खरंच कमी झालं होतं. मी टाकलं.

तर मॅडमचा फोन आल्यावर मी आपल्या कंपुटरवर ते मशीन, म्हणजे पुण्याचा तो प्रोग्रॅम, उघडलं. तू आजारी पडायच्या आधीच्या आपल्या खुणा पुण्याला गेल्या होत्या आणि त्यावर ते शिकून तयार झालं होतं. मी नव्या गाठींचे फोटो त्याला दाखवले. कोवळ्या गाठींवर ते माझ्यासारखं अडखळतं. डोळा म्हणतं, पण खात्री कमी दाखवतं, दुसरं म्हणतं, तिथंही खात्री कमी. आणि ठिपक्याचा फोटो आला की जराही थांबत नाही. दुसरं. खात्री पुरेपूर. पुढचा ठिपका, दुसरं. तुझी ती घाई, तो ठामपणा, सगळं जसंच्या तसं. मी खुर्ची मागं सारली आणि गच्चीवर जाऊन उभी राहिले.

नंतर मला राग आला. तुझा, मशीनचा, मॅडमचा, कोणाचा ते नीट सांगता येत नाही. तुझ्या हातच्या ठेच्याची चव कोणी साठवून ठेवली नाही. तू गल्लीतल्या सगळ्यांच्या चालण्याची नक्कल करायचीस, त्याचा एक व्हिडिओ नाही. आणि चूक मात्र पुण्याच्या मशीनमध्ये जपून ठेवलेली. हा कुठला न्याय? आणि मग असंही वाटलं, की चूक का होईना, आहे ना काहीतरी. दिवसभर असंच, एकदा हे, एकदा ते.

त्या संध्याकाळी दादा चार्जर शोधत वर आला. तू गेल्यापासून तो ह्या खोलीत आला नव्हता. तू असतानाही कधी आला नाही म्हणा. पहिल्यापासूनच मुका, आता तर घरात असून नसल्यासारखा. तुमचा ओंकार कॉलेजला परत गेला तेव्हा त्याला बसपर्यंत सोडायला गेला, तिथंही बापलेक एकमेकांशी काही बोलले नाहीत म्हणे. मला त्याला काहीतरी सांगायचं होतं म्हणून बोलून गेले, की हे मशीन वैनीसारखं वागतंय. तो दारातच थांबला. मी एक ठिपक्याचा फोटो दाखवला. मशीन म्हणालं, दुसरं.

"परत दाखव," दादा म्हणाला.

मी दाखवला. तो तुझ्या खुर्चीत बसला. मी त्याला प्लॉटाचं, ठिपक्याचं, सगळं सांगितलं. त्याला समजावून सांगायची गरज नव्हती, लग्न झाल्यावर पहिल्याच वर्षी तू त्याच्या कपाशीतली चार चांगली झाडं भेसळ म्हणून उपटली होतीस, आणि तो प्लॉट नव्हताच, साधी कपाशी होती. हे मला त्यानं त्या दिवशी सांगितलं. सांगताना हसला. वैनी, दादा हसला. मग तो रोज दिवेलागणीच्या आधी वर यायला लागला. शेतातून आला की पाय धुऊन सरळ इथं. मी फोटो लावायचे. ठिपका दिसला की तो म्हणायचा, आता काढती बघ, आणि मशीन काढायचं, आणि तो मान हलवायचा. चहा गार व्हायचा. मला ते बघवत नव्हतं आणि थांबवतही येत नव्हतं.

त्या खुर्चीत त्याला बसलेलं पाहून माझ्या डोक्यात एक भलतीच गोष्ट शिरली. ह्या घरात ठिपका मीच होते ना? ऐन सणाच्या तोंडावर एक बॅग घेऊन माहेरी येऊन बसलेली नणंद. गल्ली कुजबुजत होती. तुझी आई फोनवर तुला म्हणाली होती, नणंद घरात घेतलीस तर घर तुझं राह्यचं न्हाई. स्पीकर चालू होता, मी ऐकलं. तुझ्या नियमानं तू मला त्याच दिवशी मुळासकट उपटायला पाहिजे होतं. तू काय केलंस? बॅग हातातून घेतलीस आणि म्हणालीस, पलंग वरच्या खोलीत टाकते, तिथं नेट येतं. बस्स. किती दिवस राहणार, चूक कोणाची, पुढं काय, एक प्रश्न नाही. आजतागायत नाही.

मला ह्याची सांगड लावता येत नाही. झाडाला एक कायदा आणि माणसाला एक, असं होतं का तुझं? की माझ्याबद्दल तुला शंका आलीच नाही? आली असणार, तू काय साधी होतीस का. की दादासारख्या मुक्या माणसासोबत राहून तुला बोलायला कोणीतरी पाहिजे होतं आणि मी आयतीच सापडले? एकदा तू चेष्टेत म्हणालीस, तू आलीस तवापासून गहू निवडायला हात मिळाला. तेच खरं असेल कदाचित. विचारायला पाहिजे होतं. पण तुला असं काही विचारायला गेलं की तू हातात गव्हाचं सूप द्यायचीस.

तुझे आभारही मानले नाहीत मी कधी. वैनीचे आभार कोण मानतं? आता मानते, सरळ मानते. तू मला ठेवून घेतलंस म्हणून मी आज उभी आहे. दुसऱ्या कोणत्याही घरात माझं काय झालं असतं ते मला चांगलं माहीत आहे, आणि तुलाही माहीत होतं.

मॅडमचा पुन्हा फोन आला. ह्या वेळी मी सांगितलं. तुला न भेटलेल्या त्या बाईला रडू आवरेना, मलाच त्यांची समजूत काढावी लागली. सावकाश करा, घाई नाही, म्हणाल्या. आणि मग, कारण शेवटी त्या मॅडम आहेत, म्हणाल्या, "पण रेखा, मशीननं दुसरं म्हटलं की इथं ती बशी टाकून देतात. चांगल्या गाठी रोज जातायत." तू दुसरं म्हटलेल्या ठिपक्यांच्या काही गाठी त्यांनी टाकायच्या आधी रंग घालून तपासल्या होत्या. डोळ्याची गाठ असली तर ती रंगानं उजळते. बहुतेक उजळल्या. मी त्या "बहुतेक"ला धरून बसले. सगळ्या का नाही? म्हणाल्या, नाही, काही खरंच दुसऱ्या होत्या. तेवढ्यापुरती तू बरोबर होतीस. मला उगाच बरं वाटलं.

तुझ्या ठिपक्यांच्या खुणा बदलून द्यायच्या होत्या. त्या पाहून मशीन परत शिकणार, आणि आपल्याकडं जुनं जाऊन नवं येणार. मॅडम म्हणाल्या, तुम्हाला जड जात असेल तर इथल्या एखाद्या विद्यार्थ्याला देते. मी नाही म्हणाले. परक्या हातानं तुझ्या खुणा पुसलेल्या मला चालणार नव्हत्या. जुनं मशीन एका बाजूला ठेवता येईल का, म्हणून भीतभीत विचारलं. कशाला, म्हणाल्या, चुकीचं आहे ना ते. त्यांचं म्हणणं बरोबर आहे.

आणि दादाला काय सांगू? तू सांग. तुझ्या मागं ह्या माणसाला एकच गोष्ट मिळाली होती, ती काढून घ्यायची. नाही काढली तर तिकडं कोणाच्या तरी कामाला येणाऱ्या गाठी रोज कचऱ्यात. मी दोन्हीकडून विचार केला आणि दोन्हीकडून मीच वाईट ठरत होते. एकदा वाटलं, मॅडमला खोटं सांगावं, तब्येत बरी नाही म्हणून. एकदा वाटलं, दादाला खोटं सांगावं, नेट गेलं म्हणून. शेवटी तो पाय धुऊन वर आला तेव्हा सगळं एका दमात सांगून टाकलं. तो ऐकत राहिला. मग उठला आणि खाली गेला. जेवला नाही. दुसऱ्या दिवशी वर आला नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. मी खुणांना हात लावला नाही. मॅडमचा फोन वाजला, मी उचलला नाही.

मग एका दुपारी, शेतावर असायच्या वेळेला, तो वर आला. हातपाय न धुता, चिखलाच्या पायानं. दारात उभा राहून म्हणाला, "समद्याच चुकल्या का तिच्या?"

"समद्या न्हाई. बऱ्याचशा."

"तिला कळलं अस्तं तर?"

"भांडली अस्ती."

"भांडली अस्ती," तो म्हणाला. "मला त्या कपाशीच्या टायमाला महिनाभर बोलली न्हाई. पण दुसऱ्या साली झाड उपटायच्या आधी मला इचारलं तिनं." मग खुर्ची ओढून बसला. "लाव. कुणाचा डोळा जाऊन राह्यला म्हणतेस न. लाव जल्दी."

मी तुझ्या ठिपक्यांचा ढीग उघडला. बाजूला मॅडमनी पाठवलेला रंगाचा निकाल. दादाचं बोट जाड, कंपुटरवर कधी न ठेवलेलं, पहिल्यांदा भलतंच दाबलं गेलं. मग जमलं. तो विचारायचा, हे काय? मी निकाल पाहून सांगायचे, डोळा. तो दाबायचा, डोळा. मधेच एखादी खरंच दुसरी निघायची. तेव्हा तो हात काढून मागं टेकायचा आणि म्हणायचा, हे तिचं बराबर हाय, राहू दे. ज्यांचा निकाल नव्हता त्या मी तिसऱ्या बटनात टाकल्या, भित्र्या माणसाच्या. बोल काय बोलायचंय ते. रोज थोडं थोडं करून आम्ही दोघांनी तुझ्या खुणा बदलल्या. त्या दिवसांत दादा माझ्याशी जेवढं बोलला तेवढं जन्मात बोलला नव्हता, आणि सगळं तुझ्याबद्दल. तू त्याला काय काय ऐकवायचीस ते मला आत्ता कळलं. बरं करायचीस.

काल नवं मशीन आलं. दादाला हाक मारली. ठिपक्याचा एक फोटो लावला. मशीन जरा थांबलं, मग म्हणालं, डोळा. दुसरा लावला, डोळा. मॅडम तिकडून खूश होत्या, आता चांगल्या गाठी वाचतील म्हणाल्या, वाचतीलच. दादानं दोन-तीन फोटो पाहिले. "बराबर हाय," म्हणाला, आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून खाली गेला. आज संध्याकाळी तो वर आला नाही. येणार नाही आता.

मी बसून राहिले. अजून फोटो लावले, उगाच. लावले त्या सगळ्या ठिपक्यांवर ते मी म्हणत होते तेच म्हणतंय. ठिपका म्हणजे डोळ्याचाच रंग, चांगलं फेकायचं नाही, सगळं माझं म्हणणं, एकही शब्द वाकडा नाही. कुठंच तू नाहीस त्यात. दवाखान्यात मला कळलं नव्हतं, स्मशानातून माणसं परत आली तेव्हाही नीट कळलं नव्हतं. हे काल कळलं. टाकीपाशी उभी राहून मी मोठ्यानं रडले, शेजारच्या काकूंनी वर पाहिलं तरी रडले.

भांडण मी जिंकलं, वैनी. आता भांडू कोणाशी?